पनवेलची खोली

मुंबईहून गोव्याला निघालेला माणूस पनवेलला चहा पितो आणि पुढे जातो. पनवेल पाहायला म्हणून सहसा कुणी येत नाही. मी मात्र गेल्या मे महिन्यात दोन दिवस मुद्दाम राहिलो.

पनवेल हे मुळात बंदर. बंदर आले की पेढी येते, आणि पेढीच्या सावलीत सावकार वाढतो. गोव्याच्या वाटेवर शिरढोण लागते. वासुदेव बळवंत फडके १८४५ साली तिथलेच जन्मले. १८७९ च्या मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांनी पळस्प्यावर धाड घातली. पैसा तेव्हाही होता. पण कुणब्याला त्याचे एकच दार ठाऊक होते, आणि ते सावकाराचे!

दुसरे दार उघडले ते १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने. पुढे गावोगाव पतपेढ्या निघाल्या, नागरी सहकारी बँका निघाल्या. सिडकोने जमिनी घेतल्या, नवे पनवेल उभे राहिले आणि हातात पैसा आला. जवळच्या किल्ल्याचे नाव घेतलेली कर्नाळा नागरी सहकारी बँक इथलीच. रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये परवाना रद्द केला. पंच्याण्णव टक्के ठेवीदारांना ठेव विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असे तेव्हा सांगण्यात आले. उरलेल्या पाचांत कुणाची ग्रॅच्युइटी असेल, कुणाच्या जमिनीचे पैसे! विम्याची मर्यादा १ लाखाची ५ लाख झाली ती फेब्रुवारी २०२० मध्ये. नाहीतर हे पाच किती फुगले असते, कोण जाणे.

अर्थशास्त्री म्हणतात, देशाच्या वित्तसंस्थांची खोली मोजावी. आफ्रिकेतले दोन शेजारीच घ्या. केनियात २००७ साली 'एम-पेसा' निघाले आणि खेड्यातला माणूसही फोनवरून पैसे धाडू लागला. इथिओपियाने १९७५ साली बँका सरकारजमा केल्या, १९९४ साली देशी खासगी बँकांना वाट दिली, आणि परदेशी बँकांसाठी दार उघडणारा कायदा केला तो थेट २०२४ च्या डिसेंबरात. केनियाचे पाणी अर्थातच अधिक खोल. पण त्याच केनियात २०१५ साली इम्पीरियल बँक बुडाली आणि मोठ्या ठेवीदारांचे पैसे अडकले. २०२० च्या जुलैत तिथलाही ठेव विमा १ लाख शिलिंगांवरून ५ लाखांवर गेला. योगायोग पाहा!

मासळीबाजारात एका मावशींच्या पाटीशेजारी पैसे आल्याची बातमी देणारा डबा बोलत होता. मी विचारले, "मावशी, फोनवर आलेले पैसे ठेवता कुठं?"

"थोडे बँकेत, थोडे सोन्यात, नि थोडे भिशीत."

"भिशीत बुडाले तर?"

"भिशीवाली आमच्याच आळीतली, दादा. पळून जाईल कुठं?"

वाचकहो, भिशीही बुडते, हे मावशींना ठाऊक नसेल असे नाही. पण भिशीवालीचे घर त्यांना माहीत आहे. संस्थेची खोली ठेवींच्या आकड्यात नसते. हिशेब कुणाला विचारायचा, हे ठेवीदाराला ठाऊक असण्यात असते. आपल्या बँकेची वार्षिक सभा कधी असते, ते आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?