वेड्याची सुटका

‘खून करूनही वेडा म्हणून सुटला’, असे शब्द नाशिकच्या कोर्टाच्या आवारात कानी पडले की ऐकणाऱ्याच्या कपाळास आठी पडते. परंतु ही सुटका म्हणजे काय, हे आम्ही कधी पाहतो काय? इंग्लंडातील मॅक्‌नॉटनच्या १८४३ च्या खटल्यातून निघालेले तत्त्व १८६० च्या दंडसंहितेत ८४ वे कलम झाले. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत ते २२ वे आहे. कृत्य करतेवेळी चित्तभ्रमामुळे त्याचे स्वरूप अथवा गैरपणा जाणण्यास जो असमर्थ, तो अपराधी नव्हे. महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाने १९९४ मध्ये पत्नीचा जीव घेतला. तो पळाला नाही, लपला नाही. खालच्या दोन्ही न्यायालयांनी त्यास दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये त्याच्या मनोविकाराचा पूर्वापार इतिहास पाहून निर्दोष ठरविले. तथापि वेडामुळे निर्दोष ठरलेला मनुष्य आपोआप मोकळा होत नाही. कायदा त्यास सुरक्षित ताब्यात ठेवावयास सांगतो, किंवा हमी देणाऱ्या आप्तांच्या स्वाधीन करतो. आणि ते आप्त कित्येकदा मृताचेही आप्त असतात! राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे. आमच्या नाशिकरोडला आहे ते कारागृह. ठरीव मुदतीच्या कैद्यास सुटकेचा दिवस ठाऊक असतो; या सुटलेल्यास तो ठाऊक नसतो. यास सवलत म्हणावे काय?