लोखंडाची नोंद आणि माणसाची नोंद

लोखंडाला रंग लावण्याआधी ते सोलावे लागते. बाहेरच्या माणसाला ही गोष्ट सहसा ठाऊक नसते. पण आपल्या वस्त्यांतील पुष्कळ घरांतला कर्ता माणूस याच कामावर जातो. कुणी जहाज दुरुस्तीच्या गोदीत ब्लास्टर आहे, कुणी तेलाच्या टाक्यांवर पेंटर, तर कुणी पुलाच्या कामावर हेल्पर. आजचे हे चार शब्द त्या घरांसाठी आहेत.

बी.कॉम. झाल्यावर २००३ साली मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात अशा कामाच्या एका ठेकेदाराकडे कारकून म्हणून लागलो. बिले, चलने, मस्टर आणि गेटपास ही माझी कामे. बिलाला जोडायचे कागद पाहता पाहता मला या धंद्याची माहिती झाली.

कारखान्यातून आलेल्या नव्या प्लेटवर निळसर काळी खपली असते. दिसायला ती गुळगुळीत असते, पण रंगाखाली राहिली तर पुढे सुटते आणि रंगालाही घेऊन पडते. म्हणून कॉम्प्रेसरच्या हवेने, चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलोच्या दाबाने, बारीक कण नळीतून लोखंडावर मारतात. गंज, खपली, जुना रंग सगळे निघते. लोखंड पांढुरके आणि खरखरीत होते. या खरखरीतपणालाच रंग घट्ट धरून राहतो. साइटवर या सफाईला ‘एसए अडीच’ म्हणतात. स्वीडनमध्ये ठरलेले हे माप आज जगभर चालते. एकदा लोखंड साफ झाले की त्याला उघडा हातही लावायचा नाही, कारण घामाचा डाग पडला तर तिथे गंज धरतो.

मग काही तासांत पहिला हात द्यावा लागतो. हवेतला दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर गेला की काम थांबवायचे. लोखंडाचे तापमान दव पडण्याच्या तापमानापेक्षा निदान ३ अंशांनी जास्त पाहिजे. पहिला थर बहुधा जस्ताचा असतो, साधारण ६० ते ७५ मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. त्यावर इपॉक्सी आणि सर्वांत वर उन्हाला टिकणारा रंग.

या सगळ्याची नोंद होते. कोणत्या दिवशी दमटपणा किती होता, रंगाचा डबा कोणत्या बॅचचा, कोणत्या जागी किती मायक्रॉन भरले, कुणी तपासले, कुणी सही केली. रंगाची हमी असेपर्यंत ती फाइल जपून ठेवतात. याबद्दल माझी तक्रार नाही. टाकी गळली किंवा पूल गंजला तर माणसेच मरतात. लोखंडाची काळजी घेतलीच पाहिजे.

पण त्याच कामावर नळी धरून उभ्या असलेल्या माणसाची नोंद किती? मस्टरवर नाव आणि अंगठा. ठेकेदार बदलला की मस्टर बदलले. तो कोणती धूळ खात होता, किती वर्षे खात होता, तोंडावर हवेचा टोप होता की ओला रुमाल, हे कुठेच लिहिलेले नसते.

हवेच्या जोरावर वाळू मारण्याची ही युक्ती बेंजामिन टिल्गमन या अमेरिकन माणसाने शोधली आणि १८७० साली तिचे पेटंट घेतले. पुढे ती जगभर गेली आणि तिच्याबरोबर सिलिकोसिसही गेला. वाळूत गारगोटी म्हणजे सिलिका असते. कण लोखंडावर आपटून फुटतो आणि त्याची धूळ होते. त्यातले ५ मायक्रॉनपेक्षा लहान कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. रंगाचा थर ज्या मायक्रॉनने मोजतात, तेच हे माप. एवढे कण रुमालाने अडत नाहीत. फुप्फुसात त्यांचे वण होतात, श्वास कमी पडू लागतो. सहसा हे दहा-पंधरा वर्षांनी कळते. पण वाळूच्या ब्लास्टिंगमध्ये धूळ इतकी दाट असते की थोड्या वर्षांतही माणूस खचतो. काम सोडले तरी रोग वाढू शकतो. तो बरा करणारे औषध नाही.

हे जगाला फार पूर्वी कळले होते. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी कास्टिंग वगैरे वस्तूंच्या ब्लास्टिंगमध्ये अशा वाळूला बंदी केली. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने १९७४ साली हीच शिफारस केली. तुर्कस्तानात जीनच्या पँटी फिक्या करण्यासाठी वाळू मारणारी तरुण पोरे मरू लागली, तेव्हा २००९ मध्ये तिथे ते काम बंद करण्यात आले. वाळूऐवजी स्टीलचे ग्रिट, गार्नेट, कॉपर स्लॅग वापरता येते. त्यांचीही धूळ उडते, म्हणून टोप आणि स्वच्छ हवेची नळी लागतेच. पण सिलिकाचा धोका खूप कमी होतो. जिथे खर्च वाचवायचा, तिथे मात्र पुन्हा वाळू येते.

आमच्या वस्तीतले एक बापू अकरा वर्षे ब्लास्टर होते. खोकला आणि वजन घटणे, म्हणून टीबीचे औषध सुरू झाले. कोर्स पूर्ण झाला, खोकला गेला नाही. दुसरा कोर्स झाला. शेवटी सरकारी रुग्णालयातील एका डॉक्टर बाईंनी विचारले, “काम काय करता?” त्याआधी विचारले की बापू “रंगकाम” एवढेच सांगत. या वेळी त्यांनी वाळूचे नाव घेतले आणि मग एक्स-रे नव्याने पाहिला गेला. सिलिकोसिस झालेल्याला टीबीही लवकर धरतो, त्यामुळे घोटाळा वाढतो.

भरपाईसाठी आम्ही धावपळ सुरू केली. अकरा वर्षांत तीन ठेकेदार झाले होते. एकाचे दुकान बंद झालेले. दुसऱ्याने स्वच्छ सांगितले, “हा माणूस आमच्याकडे नव्हताच.” तिसऱ्याकडे शेवटच्या चौदा महिन्यांचीच नोंद. काकूंनी बिस्किटाच्या डब्यातून दोन जुने गेटपास काढले, त्या आधारावर अर्ज उभा राहिला. काकू म्हणाल्या, “भाऊ, हे कागद उपयोगी पडतात हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.” अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही. बापूंना संडासापर्यंत जाताना दोनदा बसावे लागते.

सिलिकोसिस हा कायद्याने कळवण्याचा रोग आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात त्याचे नाव होते आणि २०२० साली संमत झालेल्या व्यावसायिक सुरक्षितता संहितेच्या यादीतही आहे. म्हणजे हक्क कागदावर आहे. पण तो मागायला आपल्याकडेही कागद लागतो.

म्हणून माता-भगिनींना आणि तरुणांना माझी विनंती आहे. घरात एक वही ठेवा. कोणत्या तारखेपासून, कोणत्या ठेकेदाराकडे, कोणत्या साइटवर, काय मारत होते, वाळू की ग्रिट, तोंडावर काय होते, हे रविवारी लिहा. गेटपास, पगाराची चिठ्ठी, पीएफचा नंबर, ईएसआयचे कार्ड पिशवीत घालून ठेवा. खोकला आला तर डॉक्टरांना कामाचे नाव स्पष्ट सांगा. कामावरचे कपडे घरात झटकू नका, ओले करून वेगळे धुवा. जुन्या रंगात शिसे असते. पूर्वीचा लाल प्राइमर म्हणजे शिशाचा शेंदूरच. तो लहान मुलांच्या पोटात गेला तर घातक. ज्या भगिनी वापरलेली वाळू झाडून भरतात, त्यांनीही स्वतःची वही ठेवावी. नळी धरणाऱ्याला निदान टोप मिळतो, झाडणारीला तोही मिळत नाही.

आमच्या समाजमंदिरात दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी या वह्या लिहून देतो. सध्या एकोणीस घरांच्या वह्या झाल्या आहेत. प्रत्येक वस्तीत बी.कॉम., बी.ए. झालेली मुले-मुली आहेत. त्यांनी आठवड्याचे दोन तास दिले तर हे काम कुठेही होईल.