जामीनदार, बँकेतला आणि कोर्टातला



आमची नात इथे इंदूरला एलएलएम करते आहे. प्रबंधाचा विषय असा, की जामीन मंजूर होऊनही माणूस तुरुंगातच का राहतो. शेजारच्या काकूंनी विचारलंच, "पोरीच्या जातीला हे जेलबिल कशाला?" नात हसून पुढे गेली.

होतं असं. कोर्ट जामीन देतं, पण सांगतं की अमुक रकमेचा जामीनदार आणा, आणि तोही इथलाच. तो मिळेपर्यंत कागदावर सुटलेला माणूस आतच. नात असे आदेश वाचते, सुटून आलेल्यांशी बोलते, आणि रात्री जेवणानंतर माझी उलटतपासणी घेते.

"आजोबा, बँकेत तुम्ही जामीनदाराचं काय बघायचात?"

म्हटलं, पगाराची स्लिप, घरपट्टीची पावती, आधी आणखी कुणाला जामीन राहिलाय का.

"कोर्टातही साधारण हेच. फक्त तुमच्याकडे जामीनदार नाही मिळाला, तर माणूस कर्जाशिवाय का होईना, घरी जायचा."

पस्तीस वर्षं जामीनदारांच्या सह्या घेतल्या, पण हा फरक मला कुणी असा सांगितला नव्हता.

मग तिनं मोती राम खटल्याचा निकाल वाचायला दिला. 1978 चा, आपल्याच मध्य प्रदेशातला. मोती राम गरीब गवंडी. सर्वोच्च न्यायालयानं जामीन दिला, तर खाली 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला. भाऊ तयार होता, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून तो चालेना! शेवटी न्या. कृष्ण अय्यर यांनी 1,000 रुपयांच्या स्वतःच्या हमीवर सोडायला सांगितलं. देश एकच असताना परप्रांतात पकडल्या गेलेल्या माणसानं तिथला जामीनदार कुठून आणायचा, असंही त्यांनी विचारलं.

इथे मला माझे आजोबा आठवले. होळकरांच्या काळात रत्नागिरीकडून इंदूरला आले. भाड्याची खोली मिळायलासुद्धा कुणीतरी ओळखीचा लागे. जी काय जमीन होती ती तिकडे गावी. तेव्हा कुठल्या लफड्यात नाव आलं असतं, तर त्यांना कोण जामीन राहिलं असतं? आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात असे एक आजोबा असतीलच.

31 जानेवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं सुचवलं, की स्थानिक जामीनदाराची अट घालू नये, आणि महिन्याभरात जामीनदार आला नाही तर कोर्टानं अटी पुन्हा तपासाव्यात. तसं होतं का, हेच नात बघते आहे. 2022 अखेर देशातल्या तुरुंगांत शंभरातले साधारण 76 जण कच्चे कैदी होते. त्यातले किती केवळ जामीनदारावाचून अडकलेत, हे या आकड्यावरून कळत नाही. पोरगी त्यासाठीच कोर्टाचे जिने चढते.

ग्वाल्हेर, बडोदा, बेळगाव, हैदराबादकडे कुणी वकिली केली असेल, किंवा परक्या माणसाला जामीन राहिलं असेल, तर मला जरूर निरोप टाका. तिला तुमच्याशी बोलायचं आहे. नाव कुठेही छापणार नाही, असं ती म्हणते, आणि त्याला मी जामीन.