गोळा अजून गोल आहे

पुणे, २० फेब्रुवारी २०२२

ती. ताईस,

परवा फोन मधेच ठेवला, चुकलंच माझं. पण ‘डॉक्टरांना उंदीर मिळाला नाही म्हणून तू औषधाच्या चाचणीत गेलास का?’ असं तू विचारल्यावर हसावं की चिडावं तेच कळेना. फोनवर आपण दोघंही एकमेकांचं ऐकत नाही, म्हणून लिहितोय. दाजींनाही वाचून दाखव. ते मधे मधे बोलतील, बोलू देत.

भाऊबीजेला पाटावर बसताना मी डावा पाय लांब केला आणि तू म्हणालीस, पोट सुटलंय. तेव्हाच सुरू झालं होतं हे. जांघेत कळ यायची, गुडघ्यापर्यंत उतरायची. कुणी सायटिका म्हणालं, कुणी लचक. एक्स-रेत काहीच नाही. एमआरआय केला तेव्हा कळलं की खुब्याच्या गोळ्याचा वरचा भाग रक्त न पोचल्यामुळे मेलाय. एव्हीएन. उजवा खुबा अजून ठीक आहे.

मेलेलं हाड लगेच मोडत नाही, हे मला माहीत नव्हतं. काही काळ ते भार पेलत राहतं. पडझड होते ती शरीर दुरुस्तीला लागल्यावर. आपल्या माडीची तुळई आठवते? बाबांनी वाळवी लागली म्हणून सुतार लावले, आणि त्यांनी नवी तुळई यायच्या आधीच जुनी उतरवली. दोन दिवसांत कौलं खाली बसली. खुब्यात तेच होतं. मेलेलं हाड कुरतडून काढणाऱ्या पेशी झपाट्याने कामाला लागतात, नवं रचणाऱ्या मागे पडतात, आणि नेमके त्याच दिवसांत आपण जिने चढत असतो. गोळा एकदा चेपला की परत गोल होत नाही. मग शेवटी सांधा बदलणं आलं, आणि एक्केचाळिसाव्या वर्षी बसवलेला सांधा जन्माला पुरेलच असं नाही. माझा गोळा अजून गोल आहे. म्हणून तर घेतलं मला. चेपलेल्यांना या चाचणीत घेतच नाहीत.

औषध काही नवंकोरं नाही. हाडं ठिसूळ झालेल्या बायकांना वर्षातून एकदा सलाईनमधून देतात, तेच. कुरतडणाऱ्या पेशींचा ते हात धरतं. मग सरळ द्या की, असं मीही म्हणालो. तेव्हा डॉक्टरांनी तैवानची गोष्ट सांगितली. तिथे २००५ साली याच कुळातल्या गोळीचा अभ्यास छापून आला. गोळी दिलेल्या २९ खुब्यांपैकी दोनच चेपले, न दिलेल्या २५ पैकी १९. एवढं ऐकल्यावर कोण थांबेल? पण २०१२ मध्ये तैवानातच दुसरा अभ्यास आला, निम्म्यांना हुबेहूब दिसणारी नकली गोळी देऊन केलेला, आणि त्यात फरक जवळजवळ दिसलाच नाही. ‘तेव्हा चालतं की नाही, आम्हाला खरंच माहीत नाही,’ डॉक्टर म्हणाले.

ताई, तीन महिन्यांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मालिशवाल्याला माहीत होतं, काढेवाल्याला माहीत होतं, सोसायटीतल्या जोशीकाकांना तर एमआरआय न बघताच माहीत होतं. ‘माहीत नाही’ म्हणणारा माणूस भेटला आणि मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच सही करणार होतो. त्यांनीच करू दिली नाही. कागद घरी न्या, वाचा, घरच्यांशी बोला म्हणाले. (घरच्यांशी बोललो असतो तर काय झालं असतं ते परवा कळलंच.)

कागद अकरा पानांचा, मराठीत. म्हणजे सरकारी मराठीत. ‘यादृच्छिक पद्धतीने गटवाटप’ वाचून मी तिथल्या समन्वयक बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘अहो, टॉस.’ कुणाला औषध आणि कुणाला नुसतं खारं पाणी हे कॉम्प्युटर ठरवणार. ना मला कळणार, ना डॉक्टरांना. कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व आणि काठी मात्र सगळ्यांना. मधेच सोडून गेलो तरी माझे पुढचे उपचार अडणार नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाईही, २०१९ च्या नियमांत तसं आहे. आणि अशा चाचण्यांना परवानगी देणाऱ्या नीतिसमितीत एक तरी माणूस डॉक्टर-वैज्ञानिक नसलेला असावाच लागतो. तुझ्यासारखा. तुला घ्यायला हवं होतं.

दात तपासून आणायला सांगितलं होतं. कारण ऐक: या औषधाने क्वचित जबड्याचं हाड मरतं. एक हाड वाचवायला निघालोय आणि दुसऱ्याचा धोका पत्करून सही केलीय. हे मी तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

तू म्हणालीस, स्टेरॉईडनी खुब्याची वाट लावली, आता तेच डॉक्टर प्रयोग करणार. थोडं खरं आहे ते. गेल्या एप्रिलमध्ये कोविडने माझा ऑक्सिजन ८४ वर गेला तेव्हा स्टेरॉईड दिलं. घरी आल्यावर त्या गोळ्या पाच आठवडे कुणी थांबवल्याच नाहीत, त्याचा राग मलाही आहे. पण स्टेरॉईड द्यायचं हे कुठून कळलं? जून २०२० मध्ये, इंग्लंडातल्या अशाच एका चाचणीतून. २१०४ जणांना डेक्सामेथासोन दिलं, ४३२१ जणांना नाही. व्हेंटिलेटरवरच्यांत शंभरातले ४१ जात होते ते २९ झाले. माझ्यासारख्या नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६ चे २३. तिथे रोजचा डोस ६ मिलिग्रॅम होता, तोही जास्तीत जास्त दहा दिवस. शंभरातले ते वाचलेले तीन. त्यांत मी असेन किंवा नसेनही. पण रात्री झोप लागत नाही तेव्हा मला ते ४३२१ आठवतात. बहुतेकांना श्वास लागलेला असताना त्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी टॉसला हो म्हटलं, आणि त्यांच्या वाट्याला औषध आलं नाही.

गेल्या मंगळवारी सलाईन लागलं. रात्री अंग फणफणलं, हाडं ठणकली, आणि मला पेढे वाटावेसे वाटले. त्या औषधाने दोन-तीन दिवस ताप येतो, म्हणजे मला खरं औषध मिळालं! सकाळी समन्वयक बाईंना उत्साहाने कळवलं. त्यांनी ताप किती, कधी, एवढंच लिहून घेतलं आणि म्हणाल्या, ‘खारं पाणी दिलेल्यांनाही येतो हो कधी कधी.’ अकरा पानं वाचून, सगळं कळून सवरून, मी अजून तापावर आशा बांधून बसलोय. तुला हसायला हे चालेल.

पुढचा एमआरआय ऑगस्टमध्ये. तोवर उड्या नाहीत, ओझं नाही, मांडी घालणं नाही. आईच्या वर्षश्राद्धाला माझं पान टेबलावर मांड, गुरुजींना मी सांगेन.

आणि बाबांची काठी तुझ्याकडे माळ्यावर आहे ना, ती दाजींबरोबर पाठव. डाव्या पायासाठी ती उजव्या हातात धरायची असते म्हणे, बाबा जन्मभर उलटी धरत होते. मला ती चार बोटं लांब होईल. तू कापू नकोस, मी इथे कापून घेईन.

तुझा,
बाळ्या