नाबोथाचा मळा आणि दोन साक्षीदार

धर्मशिक्षणाच्या वर्गात एलिया संदेष्टा शिकवायचा म्हटलं की मुलांना कार्मेल डोंगर हवा असतो. एका बाजूला बआलचे साडेचारशे संदेष्टे, दुसऱ्या बाजूला एलिया एकटा, आणि आकाशातून उतरलेला अग्नी. कावळे त्याला भाकरी आणून देतात तेही त्यांना आवडतं. तो अग्निरथ आला की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प होतात. वसईतल्या सांडोरात आणि आसपासच्या धर्मग्रामांत मी जुना करार शिकवतो, त्याला आता तीस वर्षं होत आली. मोठ्यांच्या वर्गात मात्र मी कार्मेल चटकन उरकतो आणि नाबोथाच्या मळ्यात जाऊन बसतो.

ही गोष्ट ख्रिस्ती माणसांनाही फारशी ठाऊक नसते, याला एक साधं कारण आहे. मिस्सेतल्या वाचनांच्या क्रमात ती रविवारी येतच नाही. सम वर्षी, सामान्य काळाच्या अकराव्या आठवड्यात, म्हणजे बहुधा जूनमध्ये, ती सोमवारी आणि मंगळवारी वाचली जाते. पाऊस सुरू झालेला, सकाळची मिस्सा, देवळात मोजकी माणसं. त्यातही सोमवारचं वाचन राजाने मळा ताब्यात घेतला तिथे थांबतं. एलिया येतो मंगळवारी. जो फक्त सोमवारी आला, तो राजा अहाब जिंकला असं ऐकून घरी जातो.

गोष्ट इसवी सनापूर्वीच्या नवव्या शतकातली, इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्यातली. इज्रेल गावात राजा अहाबच्या राजवाड्याला लागून नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. इथे माझा वर्ग हमखास हसतो. आमच्याकडे भाजीपाल्याची जमीन भाजीपाल्यासाठी कोणी मागत नाही!

अहाबने धाकदपटशा केला नाही, हे लक्षात घ्या. बदल्यात याहून चांगला मळा देतो म्हणाला, नाहीतर रोख किंमत. व्यवहार म्हणून त्यात खोट नव्हती. नाबोथ नाही म्हणाला, कारण ते वाडवडिलांचं वतन होतं. मूळ हिब्रू शब्द ‘नहला’. लेवीय पुस्तकातला नियम असा, की जमीन देवाची आणि इस्राएली लोक तिच्यावर उपरे. आपल्या भाषेत सांगायचं तर कुळं. अडचणीत विकलेली जमीनही पन्नासाव्या वर्षी मूळ घराण्याकडे परत यायची. कुळाला मालकाची जमीन विकता येत नाही, एवढंच नाबोथ सांगत होता. त्याला हट्टी शेतकरी म्हणणाऱ्यांना हा कायदा माहीत नसतो.

राजा रुसला, भिंतीकडे तोंड करून झोपला, जेवेना. मग राणी ईजबेलने पत्रं लिहिली. नाव राजाचं, मोहोर राजाची, पत्ता इज्रेलच्या वडीलधाऱ्यांचा आणि प्रतिष्ठितांचा. उपवास जाहीर करा, नाबोथला लोकांपुढे मानाच्या जागी बसवा, समोर दोन नीच माणसं बसवा आणि याने देवाला व राजाला शिव्याशाप दिले अशी साक्ष द्यायला लावा. मग बाहेर नेऊन धोंडमार करा.

दोनच का? मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे एका साक्षीवर देहदंड देता येत नसे. किमान दोन साक्षीदार लागत. म्हणजे या खुनात कायद्याची एकही पायरी चुकलेली नाही. सभा झाली, उपवास झाला, साक्षी झाल्या, शिक्षा गावाबाहेर झाली. दप्तर चोख!

प्रवचनांत दोष अहाब आणि ईजबेल यांना देऊन गोष्ट संपवतात. मला ते पटत नाही. पत्रावर नाव अहाबचं होतं, पण नाबोथ मेल्याचा निरोप वडीलधाऱ्यांनी ईजबेलला पाठवला. पत्र खरोखर कोणाचं हे त्यांना ठाऊक होतं. गावात नाबोथला लहानपणापासून ओळखणारी ही माणसं. त्यांना कोणी फसवलं नव्हतं.

वसईत हे वाचताना डोळ्यांपुढे काय येतं ते बाहेरच्याला सांगायला हवं. आमच्या वाड्या म्हणजे केळी, पानवेली, भाजी, फुलं, आणि मधे पाण्याचं बावखल, म्हणजे तळं. मुंबई सरकत इथवर आली तशी बावखलं बुजली. विहिरींचं गोडं पाणी टँकरने शहराकडे जाऊ लागलं आणि मागे खारं उरलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समिती घेऊन रस्त्यावर उतरले, तेव्हा धर्मगुरूने राजकारणात का पडावं असं विचारणारे आमच्यातच पुष्कळ होते. बायबलच्या ज्या भाषांतराला पुढे २०१३चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, त्या ‘सुबोध बायबल’च्या कर्त्याला हा प्रश्न विचारणं म्हणजे कमालच. जुन्या मराठी भाषांतरांत ‘भविष्यवादी’ असा शब्द आढळतो, नंतर ‘संदेष्टा’ रुळला. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. भविष्य सांगणाऱ्याला आपण दक्षिणा देतो. निरोप घेऊन आलेल्याला दारातूनच वाटेला लावतो.

एलियाचं स्वागत मनापासून करणारी माणसं कोकणात आहेत, ती मात्र आमच्यातली नव्हेत. बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजाच्या घरांत नवस फेडताना गोड पोहे, खोबरं, फळं यांचा मलिदा मांडतात आणि एलियाहू हन्नाबीचं नाव घेतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. अहाबचं स्वागत मात्र वेगळं होतं: देवाचा निरोप घेऊन एलिया त्याला मळ्यात भेटला, तेव्हा राजाने त्याला वैरी म्हटलं होतं.

माझे वडील शिक्षक होते. गावात त्यांच्या शब्दाला मान. एकदा ओळखीचा एक गृहस्थ आला आणि दस्ताला साक्षीदार हवाय म्हणाला. शेजारच्या गावातल्या एका विधवेच्या वाडीचं काम होतं. वारसनोंदीचा कागद आहे असं तिला सांगितलं होतं. ते खरेदीखत होतं. वडिलांनी वाचलं नाही. ओळखीच्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हा आपल्याकडचा मोठा धर्म. सही केली, चहा घेतला, घरी आले. कागद कायद्याने चोख होता, शिक्के खरे होते, दोन्ही साक्षीदार खरे होते. वाडीच्या जागी आज चार मजली इमारत उभी आहे. वडील या विषयावर एकदाच बोलले, तेही आईशी. पण देवळात जाताना ते तो रस्ता टाळून लांबच्या वाटेने जात. लहानपणी मला वाटे, त्यांना चालायला आवडतं.

म्हणूनच माझी एलियाशी एक तक्रार आहे. तो उशिरा येतो. नाबोथ मेल्यावर, राजा ताबा घ्यायला मळ्यात उतरल्यावर. त्याआधी होरेब डोंगरावर तो देवापाशी रडला होता, की मीच एकटा उरलो. बआलपुढे गुडघे न टेकलेले सात हजार अजून आहेत, असं त्याला तिथे कळलं. त्या सात हजारांपैकी इज्रेलच्या त्या सभेत कोणीच नव्हतं का? असेल तर तो गप्प का बसला? पंडित याचं उत्तर देत नाहीत. मी वर्गात विचारतो तेव्हा तिथेही कोणी बोलत नाही.

एलियाचा निरोप ऐकून अहाबला निदान लाज वाटली. त्याने कपडे फाडले, गोणपाट नेसलं, उपवास केला, आणि त्याच्या घराण्यावरचं अरिष्ट मुलाच्या काळावर गेलं. वडीलधाऱ्यांनी पश्चात्ताप केल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. पुढे दुसऱ्या राजे पुस्तकात येहू राज्य बळकावतो, तेव्हा तोही पत्रंच लिहितो, आणि पुन्हा वडीलधाऱ्यांनाच. या वेळी हवी असतात अहाबच्या सत्तर मुलांची मुंडकी. ज्यांनी त्या राजपुत्रांना वाढवलं, तेच ती टोपल्यांत भरून इज्रेलला पाठवतात.

बायबल हाताशी असेल तर पहिले राजे, अध्याय २१ काढा, आणि वचने ८ ते १४ सावकाश वाचा. सातच वचनं आहेत. नाबोथाचं नाव त्यांत आहे, ईजबेलचं आहे, अहाबचं आहे. वडीलधाऱ्यांपैकी एकाचंही नाही.