पट्टी चुकली होती

सप्टेंबर २०२२ मध्ये, आमच्या गावी, साखऱ्याला, गणपतीच्या मांडवातल्या गायनस्पर्धेत नववीतल्या एका मुलीला मी ४० पैकी १७ गुण दिले. त्या १७ बद्दल हे लिहितो आहे. माझ्या हातून ते कसे पडले, हे सांगायला तीन वर्षं मागे जावं लागेल.

३१ मे २०१९ ला ५८ वर्षं पूर्ण करून मी शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालो. शाल, श्रीफळ, फेटा सगळं झालं. प्रत्येक भाषणाचा शेवट एकच होता, "गुरुजी, आता आराम करा." मी ते आज्ञेसारखं पाळलं. निवृत्तीची तयारी म्हणजे सेवापुस्तिका, उपदान आणि अंशराशीकरणाचे कागद, एवढंच मला ठाऊक होतं. निवृत्तिवेतनाचा ४० टक्के हिस्सा विकला आणि आलेल्या पैशातून घरावर मजला चढवला. पुण्यातला मुलगा कधीतरी परत येईल, असं मी धरून चाललो होतो. त्याला विचारलं मात्र नाही. वरच्या खोल्या आजही बंद आहेत. विकलेला हिस्सा पुन्हा सुरू व्हायला १५ वर्षं लागतात.

पैशाचा हिशोब निदान कागदावर होता, दिवसांचा कुठेच नव्हता. सकाळी शाळेची घंटा झाली की पाय दाराकडे वळायचे. मग मी घरातच शाळा भरवली. भाजी कशी चिरावी हे बायकोला आणि सोयाबीनवर फवारणी कधी करावी हे सालगड्याला शिकवू लागलो. दोनदा होणारा चहा दिवसाला सहादा होऊ लागला. एकदा बायको म्हणाली, "अहो, निवृत्त तुम्ही झालात अन् काम माझं वाढलं. मला शाल कोण देणार?" मी हसलो आणि उत्तर टाळलं. त्या हसण्याची लाज मला आज वाटते.

अशा रिकाम्या दिवसांत टीव्हीवरच्या गायनस्पर्धांनी मला धरून ठेवलं. नोकरीत असताना झी मराठीवरचं २००८-०९ चं 'सा रे ग म प लिटल चॅम्प्स' आम्ही लोडशेडिंगच्या वेळा सांभाळून पाहिलं होतं. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक, पल्लवी जोशी सूत्रसंचालक. गुण आकड्यांऐवजी स्वरांत मिळत. 'ध' मिळाला की 'नि', यावर पारावर वाद रंगत. लातूरचा रोहित राऊत शेवटच्या पाचांत गेला तेव्हा सगळ्या मराठवाड्याला घरचं लेकरू पुढे गेल्यासारखं वाटलं. पुढे कार्तिकी गायकवाड विजेती ठरली.

२०२१ मध्ये लहान मुलांचं नवं पर्व आलं, तेव्हा मी वही घेऊन बसू लागलो. सूर, ताल, शब्दोच्चार, सादरीकरण असे चार रकाने, प्रत्येकी १० गुण. परीक्षक बोलण्याआधी माझा निकाल तयार असे आणि तो त्यांच्याशी जुळला की छाती फुगे. चौतीस वर्षं उत्तरपत्रिका तपासणाऱ्या हाताला काम हवं होतं. गाणं मी एक दिवसही शिकलो नव्हतो. तरी गणेशमंडळाची पोरं 'परीक्षक व्हा' म्हणत आली तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

मांडवातल्या त्या रात्री त्या मुलीच्या आधी एका गड्याने अभंग म्हटला. भरदार आवाज, काळी एकची पट्टी. त्याच्यामागून ती आली, गौळण म्हणायला. पेटी त्याच पट्टीवर राहिली. पेटीवाल्याने विचारलं नाही आणि तिला सांगायचं सुचलं नाही. खाली धरलं की तिचा आवाज निघेना, वर धरलं की चढत्या ओळीला फाटे. मी सुरात ३ लिहिले. ती 'पाणी'ला 'पानी' म्हणाली, शब्दोच्चारात ४ लिहिले. आमच्या घरांतून, रानांतून 'पानी'च बोलतात, माझी आईही तसंच म्हणायची. मग निकाल सांगताना सगळ्यांसमोर माईकवर मी तिच्या चुका मोजून दाखवल्या. टीव्हीवरचे परीक्षक बोलतात तसं बोलतो आहोत, असं मला वाटत होतं. ती मान खाली घालून उभी होती. पहिला नंबर मी मोबाइलवरच्या तयार संगीतावर सिनेमातलं गाणं हुबेहूब म्हणणाऱ्या मुलाला दिला.

कार्तिकात पहाटे काकडा चालू होता. मंदिरात पेटी वाजवणारे आबा सत्तरी ओलांडलेले आहेत. गणपतीत ते श्रोत्यांत बसले होते. एका पहाटे आरतीनंतर पेटीला खोळ घालता घालता म्हणाले, "गुरजी, पट्टी चुकली व्हती. लेकरू नव्हतं चुकलं." मला कळलंच नाही. तेव्हा त्यांनी पेटी पुन्हा उघडली. काळी एकवर बोट ठेवून म्हणाले, हा गड्याचा सा. मग काळी चार दाबली, म्हणाले, हा तिचा. "तिला काऊन नाही इचारलं?"

मी आयुष्यभर एकच पट्टी हातात धरली होती, लाकडाची, रेघा मारायची. गाण्यातली पट्टी गळ्यागणिक बदलते, हे ज्याला ठाऊक नाही त्याने सुराला गुण द्यायचे नसतात. टीव्हीवर मुलाचा गळा बघून वादकांसोबत आधीच पट्टी ठरवतात, तालमी होतात. पडद्यावर दिसतं ते त्यानंतरचं. मी शेवट पाहून परीक्षक झालो होतो. आणि माझ्याच वहीतल्या पर्वात एक गोष्ट समोर असून मला दिसली नव्हती. त्या पर्वाचे ज्युरी २००९ चे पाचही अंतिम स्पर्धक होते, कार्तिकी, रोहित, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन. विजेती एक झाली होती, गात मात्र पाचही जण राहिले.

निवृत्तीचं वय ५८, हाही असाच एक आकडा. जर्मनीने १८८९ मध्ये म्हातारपणाच्या वेतनाचा कायदा केला तेव्हा वय ७० ठरवलं, १९१६ मध्ये ते ६५ वर आणलं. आपल्याकडे राज्याच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना ५८, चतुर्थ श्रेणीला ६०. नोकरी कधी संपवायची यासाठी आकडा लागतो, आणि थकल्या माणसाला वेतन मिळालंच पाहिजे. पण माझी उमेद कुठे संपते हे कोषागाराने ठरवलेलं नव्हतं, ते मी ठरवून घेतलं. आबांना कुणी निवृत्त केलं नाही. माझ्या बायकोलाही नाही, आणि तिच्या बाबतीत तो अन्याय आहे. एकाच पट्टीत सगळ्यांना बसवलं की कुणाचा आवाज फाटतो आणि कुणाचा उमटतच नाही.

मी त्या मुलीच्या घरी गेलो. तिच्या आईवडलांसमोर माफी मागितली. वडील म्हणाले, "गुरजी, जाऊ द्या." ती काहीच बोलली नाही. २०२३ च्या स्पर्धेला मंडळाने माझं ऐकून एक नियम केला, गाण्याआधी प्रत्येकाला पट्टी विचारायची. परीक्षकाची खुर्ची मी घेतली नाही. तिने नाव दिलं नाही. माफीने गुण दुरुस्त होत नाहीत, हे मला तेव्हा समजलं.

आता सकाळचा आणि दुपारचा चहा मी करतो. संध्याकाळी आबांकडे पेटी शिकायला जातो. बोटं लवकर वळत नाहीत. आबा ओरडत नाहीत, पुन्हा दाखवतात. इतक्या वर्षांत मी किती मुलांना पुन्हा दाखवलं आणि किती जणांना नुसते गुण दिले, याचा विचार तिथे बसलो की रोज मनात येतो.

मागच्या काकड्याला ती आईबरोबर आली होती, बायकांच्या रांगेत मागे. आबांनी पेटी माझ्यापुढे सरकवली. मी काळी चार दाबली आणि भात्याचा हात सैल पडू न देता तेवढा एक सूर धरून बसलो. ती गायली की नाही, इतक्या आवाजांत मला ओळखता आलं नाही.