किंमत शून्य रुपये

‘गहाळ’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. वस्तू गहाळ होते तेव्हा ती कुणी नेलेली नसते. ती आपली आपणच गेलेली असते. त्या वाक्यात कर्ता नाही, त्यामुळे कर्त्याला शोधण्याचीही गरज उरत नाही. ‘चोरी’ म्हटली की चोर आला, चोर आला की तपास आला; मग पंच, जबाब, तारखा, आणि वरिष्ठांपुढे ठेवावयाच्या तक्त्यात न उलगडलेला आणखी एक गुन्हा आला. म्हणून बसस्थानकावर खिशातून काढून घेतलेला मोबाईल कागदावर गहाळ होतो आणि गर्दीत कापलेली पिशवीही गहाळ होते. असा दाखला हाती घेऊन माणूस घरी येतो. दाखल्यावर शिक्का असतो. त्यामुळे आपले काही काम झाले, असेही त्याला वाटते.

२०२५ च्या मे महिन्यात असाच एक दाखला आमच्यापुढे आला आणि तो आम्ही घेतला नाही. दाट लग्नतिथीचा दिवस होता. बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, मंगल कार्यालयाच्या कुंपणालगत आमची मोटार इतर वीस-पंचवीस मोटारींसोबत उभी होती. जेवणाची दुसरी पंगत उठेपर्यंत तिच्या मागच्या दाराची काच फुटली आणि आतली पिशवी गेली. समोरची काच दोन थरांची असते, मधल्या पापुद्र्यामुळे ती तडकली तरी जागेवर राहते. बाजूच्या काचेचे मात्र एका टणक आघाताने साबुदाण्याएवढे दाणे होतात, आणि आवाजही फारसा होत नाही. त्यातून बँडवर चाललेली गाणी. कार्यालयात कॅमेरे चार होते. दोन व्यासपीठाकडे, एक भटारखान्याकडे आणि एक आहेर स्वीकारण्याच्या टेबलाकडे पाहत होता. मोटारींकडे पाहणारा एकही नव्हता. तेथे फक्त एक पाटी होती: वाहनातील वस्तूंची जबाबदारी मालकाची.

पिशवीत काय होते, हे सांगितल्यावाचून पुढची हकीकत समजणार नाही. एक नवी साडी होती, आहेरासाठी आणलेली, सात हजार दोनशे रुपयांची. पावती आमच्या खिशात होती. एक जुना मोबाईल होता. आणि एका प्लास्टिकच्या लिफाफ्यात एका पारधी मुलीचे कागद होते. ती दहावी झालेली. तिच्या घरात इतके शिकणारी ती पहिलीच. जूनमध्ये तिला वसतिगृहात प्रवेश मिळावयाचा होता, आणि अर्ज भरण्यासाठी तिच्या वडिलांनी मूळ कागद आमच्या स्वाधीन केले होते. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, आधार कार्ड, बँकेचे पासबुक, आणि एक जुना उतारा.

या उताऱ्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीचा दाखला मागणाऱ्याला ६ सप्टेंबर १९५० पूर्वी आपले घराणे येथे होते, असा पुरावा द्यावा लागतो. ज्यांची घरे पिढ्यान्पिढ्या एका गावी आहेत, त्यांना हे जड नाही. परंतु ज्यांचे घर म्हणजे चार काठ्यांवरचे पाल, आणि तेही गावाने आज येथून, उद्या तेथून उठवावयाचे, त्यांनी ७५ वर्षांपूर्वीचा पत्ता कोठून आणावा? मुलीच्या वडिलांना तो मिळाला. गावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत त्यांच्या चुलत आजोबांचे नाव निघाले. नोंद निजामाच्या काळातली, उर्दूत. ती वाचून देणारा म्हातारा शोधण्यात त्यांचा एक उन्हाळा गेला. अशा नोंदींचे मोल मराठवाड्यात आता कुणाला समजावून द्यावे लागत नाही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा तहसिलींतील उर्दू आणि मोडी दप्तरांपुढे काय गर्दी झाली, ते सर्वांनी पाहिले आहे. एका ओळीवर घरच्या पोराबाळांचे शिक्षण अवलंबून असते. ती ओळ चोराने नेली, आणि चोराला तिचा उपयोग काय, तर काहीच नाही. लिफाफा त्याने पुढच्या ओढ्यात टाकला असणार.

पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांनी आम्हाला पाणी दिले, खुर्ची दिली. ते उर्मट नव्हते, हे नमूद करावयास हवे. त्यांनी कागदांची यादी ऐकली आणि सरळ व्यवहाराचे बोलले. दुय्यम प्रती काढावयाच्या तर गहाळ झाल्याचा दाखला पुरेल. तो आत्ता दहा मिनिटांत मिळेल. चोरीची फिर्याद दिलीत तर कोर्टात हेलपाटे घालावे लागतील, चोर सापडेलच असे नाही, आणि सापडला तरी त्याला जामीन होणार. “कशाला ताप करून घेता, साहेब?” असे ते म्हणाले. त्यात आमच्याविषयी आस्थाही होती. मग त्यांनी मालाची किंमत विचारली. साडी सांगितली, मोबाईल सांगितला. कागदांपाशी त्यांचा पेन थांबला. कागदांना किंमत नसते, तेथे शून्य लिहावयाचे, असे ते म्हणाले.

ती किंमत त्यांनी रीत म्हणून विचारली नव्हती, हे आम्हाला मागाहून एका वकील स्नेह्यांकडून कळले. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३०३ मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा द्यावयाची. ही तरतूद आम्हाला मनापासून आवडली. भाकरीपुरती चोरी करणाऱ्या पोराला तुरुंगात धाडून सराईत करून आणण्यापेक्षा त्याच्याकडून गावचा दवाखाना झाडून घ्यावा, हे शहाणपणाचे आहे. परंतु या दयेच्या पाठोपाठ दुसरी एक गोष्ट आली आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टात पाच हजारांखालची अशी चोरी अदखलपात्र ठरविली आहे. म्हणजे पोलिसांनी तिची वहीत नोंद घ्यावयाची, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकमावाचून तपासाला हात घालावयाचा नाही. जी सवलत चोराने माल परत केल्यावर मिळावयाची, तिची सावली अशी तक्रारीच्या पहिल्याच पायरीवर पडते.

याच संहितेच्या कलम ३०५ मध्ये वाहतुकीच्या साधनातून होणाऱ्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. घरची मोटार ‘प्रवासी वा माल वाहून नेण्याचे साधन’ ठरते की नाही, यावर वकील मंडळी पुष्कळ दिवस वाद घालू शकतील. आमच्यापुरता प्रश्न साडीने सोडविला. सात हजार दोनशेची साडी पिशवीत होती म्हणून गुन्हा दखलपात्र झाला. पिशवीत तो लिफाफा एकटाच असता, तर मुलीच्या घराण्याची ७५ वर्षे कायद्याच्या दृष्टीने शून्य रुपयांची होती.

मंगल कार्यालयाच्या अंगणात त्या दुपारी जमलेल्या मंडळींचे मत वेगळे होते. कुणाच्या उसाच्या ट्रॅक्टरची बॅटरी गेलेली, कुणाची विहिरीवरची मोटार आणि केबल, कुणी बँकेतून काढून दुचाकीच्या डिकीत ठेवलेली पीककर्जाची रक्कम चहा पिईपर्यंत नाहीशी झालेली. सर्वांचा सूर एकच: कायदा मऊ पडला आहे, चोर दुसऱ्या दिवशी टपरीवर दिसतो, दोन दणके दिल्यावाचून ही जात सुधारणार नाही. यातला राग खरा आहे, आणि त्याची टवाळी करणाऱ्यांची बॅटरी कधी गेलेली नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार यांच्या प्रकरणात सांगितले की, सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत केवळ अधिकार आहे म्हणून अटक करू नये. अटक का करावी लागली, ते लिहून ठेवावे. चोर टपरीवर दिसतो त्याचे एक कारण हे. परंतु टपरीवर बसून तो निर्धास्त असतो तो या निकालामुळे नव्हे. आपल्या चोरीची गहाळ म्हणून नोंद झालेली असते, हे त्याला ठाऊक असते. शिक्षा तीन वर्षांची सात केली काय, नि चौदा केली काय. जी चोरी लिहिलीच नाही तिला कोणतीच शिक्षा लागू होत नाही.

आणि हेही खरे की, या जिल्ह्यात फुटलेल्या काचेची तक्रार घेऊन जाताना माणसाला संकोच होतो. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि साऱ्या राज्याचे डोळे बीडकडे लागले. जेथे खुनाच्या न्यायासाठी मोर्चे निघाले, तेथे साडीचे आणि दाखल्यांचे काय घेऊन बसायचे? आमचे म्हणणे असे की, मोठ्या गुन्ह्याला निर्ढावलेली माणसे एका रात्रीत तयार होत नाहीत. लहान लहान गोष्टी लिहिल्या न जाण्याची सवय आधी लागलेली असते. असो.

ठाणे अंमलदारांचा शेवटचा प्रश्न होता, “कुणावर संशय?” आम्ही नाही म्हटले. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या कुणीतरी, पोलिसाने नव्हे, गावापलीकडच्या माळावरील पालांकडे हात केला. ज्या समाजाच्या मुलीचे कागद गेले, संशय त्याच समाजावर. यात नवे काही नाही. १८७१ साली इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविणारा कायदा केला. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील ‘सेटलमेंट’ जुन्या लोकांना आठवत असेल. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, माणसे विमुक्त झाली. परंतु नजर विमुक्त झाली नाही. २०२४ च्या जून-जुलैत बीड-जालन्याच्या गावांवरून रात्री ड्रोन फिरू लागले, ते चोरांचेच अशी आवई उठली आणि माणसे काठ्या घेऊन जागरणे करू लागली. त्या रात्री एखादा परका वाटसरू अंधारात सापडला असता तर? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात पोरे पळविणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले होते. ‘दोन दणके’ येथवर जातात. २०२५ साली बीडच्या पोलिसांच्या टेबलांवरील पाट्यांवरून आडनावे काढून फक्त नावे ठेवण्यात आली, हे चांगलेच झाले. संशयाच्या रकान्यातूनही आडनाव काढता आले असते, तर आणखी बरे झाले असते.

गहाळचा दाखला आम्ही नाकारला तेव्हा अंमलदार नाराज झाले, रागावले नाहीत. साहेब बंदोबस्ताला गेले आहेत, उद्या या, असे त्यांनी सांगितले. उद्याचे परवा झाले. मग आम्ही तीच हकीकत दोन पानांवर लिहून रजिस्टर टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठविली. ठाण्यात फिर्याद घेतली न गेल्यास असे करण्याची सोय कायद्यात आहे, आणि तिला एका लिफाफ्याएवढाच खर्च येतो. आठव्या दिवशी ठाण्यातून फोन आला. फिर्याद नोंदविली गेली, पंचनामा झाला, आणि प्रत आम्हाला विनामूल्य मिळाली. काच आम्ही पदरच्या पैशाने बसविली. विम्याचा दावा केला असता तर दावा न केल्याबद्दल पुढच्या हप्त्यात मिळणारी सूट गेली असती, आणि आतल्या वस्तूंची भरपाई मोटारीच्या विम्यात नसतेच. कार्यालयाच्या मालकांनी आमच्या आग्रहावरून एक कॅमेरा कुंपणाकडे वळविला. भटारखान्याकडचा वळविला, कारण तेथून काही जात नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

पुढे काही महिन्यांनी ‘अ समरी’ची नोटीस आली. गुन्हा खरा, परंतु आरोपी मिळून येत नाही, असा तिचा अर्थ. चोर सापडला नाही. साडी नाही, मोबाईल नाही.

परंतु त्याआधीच, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, फिर्यादीच्या प्रतीने तिचे काम केले होते. शाळेने तीवरून दुय्यम दाखला दिला, तहसिलीने जातीच्या दाखल्याची प्रत दिली. उताऱ्यासाठी वडिलांना पुन्हा दप्तरापुढे उभे राहावे लागले. या वेळी पान क्रमांक ठाऊक होता, म्हणून चार दिवसांत भागले. मुलगी वसतिगृहात गेली. ती प्रत त्यांना द्यावयास आम्ही पालावर गेलो, तेव्हा त्यांनी ती वाचून दाखवा म्हटले. ‘चोरीस गेलेल्या मालाचे वर्णन’ या रकान्यात चौथ्या ओळीवर त्यांच्या मुलीचे नाव होते, कागदांची मालक म्हणून. पुढे किंमत ००.०० रुपये. त्यांनी नावावर बोट ठेवून ती ओळ पुन्हा वाचावयास सांगितली. पोलिसांच्या कागदावर आपल्या घरचे नाव त्यांनी यापूर्वीही पाहिले होते. ते नेहमी दुसऱ्या रकान्यात असे. हा कागद लॅमिनेट करून घ्यावा काय, असे त्यांनी विचारले. आधी दोन झेरॉक्स काढा, मग करा, असे आम्ही सांगितले.